हाताचा वास

आमच्या घराला माशांचा वास होता. घरात राहणाऱ्याला तो येत नाही. मला तो पहिल्यांदा कळला चौथीत, शेजारी बसणारी मुलगी दप्तर उचलून पलीकडच्या बाकावर गेली तेव्हा. त्या दिवसापासून शाळेत निघताना मी हातांना लिंबाची साल चोळायची. आई म्हणायची, राख लाव, राखेनं जातो. लिंबानंही गेला नाही आणि राखेनंही गेला नाही.

आम्ही भोई. भिगवणच्या अलीकडं, उजनीच्या फुगवट्याच्या काठाला आमची वस्ती. माझ्या आज्ज्याला वाहती भीमा पाठ होती. कुठला डोह किती पुरुष खोल, कुठल्या खडकाखाली वाम दडते, हे तो डोळे मिटून सांगायचा. १९८० साली उजनी धरण पुरं झालं. ती नदी, ते डोह आणि काठचं जुनं गाव सगळं एका थोराड पाण्याखाली गेलं. आण्णा, म्हणजे माझे वडील, तेव्हा विशी-बाविशीतले. बापाकडून मिळालेली नदी त्यांच्या कामाची राहिली नाही. नवं पाणी त्यांनी पहिल्यापासून शिकून घेतलं. संध्याकाळी होडीतून तंगूसची जाळी टाकायची, पहाटे तीनला उठून काढायची आणि उजाडायला मासे भिगवणच्या बाजारात लिलावाला न्यायचे. रोहू, कटला, वाम, मरळ. पुढं पुढं मात्र नुसती चिलापीच.

दुपार फाटकी जाळी सांधण्याची. पडवीतल्या खांबाला जाळं अडकवायचं आणि सुईनं एकेक घर भरत जायचं. माझी बोटं बारीक, गाठ पक्की बसायची. आण्णा कौतुकानं शेजाऱ्यांना दाखवायचे, "पोरीची गाठ बगा, मासा काय, सुसर न्हाई तोडायची." पण सातवीत मला स्कॉलरशिप मिळाली आणि त्याच आठवड्यात त्यांनी माझ्या हातातली सुई काढून घेतली. म्हणाले, "हे हात आता जाळ्यात घालायचे न्हाईत." मला आनंद झाला की वाईट वाटलं, ते तेव्हाही ठरवता आलं नाही.

जाळ्यांशिवाय घरात आणखी एक गोष्ट होती. वळचणीला खोवलेली वेळूची काठी, तिला चार हात तंगूस आणि टोकाला काळा पडलेला एक गळ. महिन्या-दोन महिन्यांतून एखाद्या दुपारी आण्णा ती काठी काढायचे, बारकी बेडकी गळाला लावायचे आणि पाणकणसांच्या कडेला जाऊन बसायचे. बेडकी पाण्यावर टपटप नाचवायची. खालून मरळ आली की पाणी असं फुटायचं, जणू कुणी दगड टाकला. तो मासा बाजारात जायचा नाही. तो घरात शिजायचा. मी एकदा विचारलं, "आण्णा, जाळ्यात एवढी मासळी घावती, मग ह्यो उद्योग कशाला?" तर म्हणाले, "जाळं पोटासाठी आसतं, बाय. गळ मनासाठी."

मी शिकले, बीएस्सी झाले, तिकडंच एका शाळेत शिकवायला लागले. लग्न झालं. नवरा आमच्याच समाजातला, इंजिनिअर. त्याच्या नोकरीमुळं २००८ च्या ऑक्टोबरात आम्ही अमेरिकेत आलो, मिशिगन राज्यातल्या ग्रँड रॅपिड्सला. माझ्या पासपोर्टवर एच-४ व्हिसाचा शिक्का होता. त्याचा अर्थ असा, की नवऱ्याबरोबर राहायचं, फिरायचं, पण एका डॉलरचंही काम करायचं नाही. आठ वर्षांची असल्यापासून माझे हात रिकामे असे कधी नव्हते. आता नवरा सकाळी सातला गेला, की संध्याकाळी सहापर्यंत मी, खिडकी आणि खिडकीबाहेरचा बर्फ.

गावात मराठी मंडळ होतं. माणसं चांगली, अडीअडचणीला धावणारी. पण ओळख झाली की तिसरा-चौथा प्रश्न ठरलेला. "वडील काय करतात?" मी सांगायची, "मत्स्यव्यवसाय." शब्द असा गुळगुळीत, की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढं शीतगृह, कोळंबीची खोकी, चारचाकी गाडी यावी. एका बाईंनी विचारलं, "एक्स्पोर्ट का?" मी मान हलवली. ती होकाराची की नकाराची, हे मी मुद्दामच कळू दिलं नाही. घरी आल्यावर नवरा काही बोलला नाही. तोही स्वतःच्या वडिलांची शेती आहे असंच सांगायचा.

जानेवारीतली गोष्ट. शेजारी एक अठ्ठ्याहत्तर वर्षांचे गृहस्थ एकटे राहायचे. ग्रँड रॅपिड्स एके काळी फर्निचरसाठी अमेरिकाभर नावाजलेलं. हे तिथल्याच एका कारखान्यात चाळीस वर्षं लाकूडकाम करून निवृत्त झालेले. मनातल्या मनात मी त्यांना आजोबा म्हणायची. पुढं तोंडावरही म्हणायला लागले आणि त्यांनाही ते आवडलं. त्यांचं बर्फ ओढायचं फावडं परत द्यायला मी गेले, तर गॅरेजमध्ये दिवा लावून ते टेबलाशी वाकून बसलेले. टेबलाला बोटभर व्हाइस आवळलेला, लोहाराच्या शिकंज्याचं पिल्लूच. त्यात एक लांब दांडीचा गळ धरलेला. भोवती कोंबड्याची पिसं, हरणाचे केस, रंगीत दोरे. ते गळावर पिसं बांधत होते, पण हात थरथरत होते. कंप कसला ते मला नंतर कळलं. धागा तुटला. त्यांनी पुन्हा बांधला. पुन्हा तुटला. तिसऱ्यांदा तुटला, तेव्हा ते हात मांडीवर ठेवून नुसते बसून राहिले. कारागीर माणूस हात मांडीवर ठेवतो, तेव्हा ते बघवत नाही.

माझ्या तोंडून मराठीतच निघून गेलं, "द्या इकडं."

त्यांना शब्द कळला नाही, पण त्यांनी खुर्ची मागं सरकवली. शेवटच्या गाठीशी काम अडलं होतं. धाग्याचे वेढे देत त्याचंच टोक वेढ्यांखाली दडपायचं आणि ओढून घ्यायचं. मी ती गाठ ओळखली. आण्णा गळाच्या दांडीला तंगूस बांधायचे, तीच. मी पाच वेढे देऊन गाठ ओढली. आजोबांनी भिंग लावून बघितलं आणि विचारलं, "हे तुला कुणी शिकवलं?"

अमेरिकेत आल्यापासून मला हा पहिलाच प्रश्न आवडला. तरी मी उत्तर दिलं ते एवढंच, "घरी."

तिथून रोज दुपारी दोन तास मी त्या गॅरेजमध्ये. इंग्रजीत ह्या वस्तूला फ्लाय म्हणतात, म्हणजे माशी. मला गंमत वाटायची, मासा धरायला माशी! पण आजोबा बांधत होते तो स्ट्रीमर. तो माशी नसतोच. पाण्यातला बोटाएवढा मासा, जळू, झिंगा, असं काहीतरी पोहतंय असा भास देणारी ती वस्तू. खाण्याचा पदार्थ त्यात काहीच नाही. आमिष नव्हे, आमिषाचं सोंग.

पहिला शिकवला तो वूली बगर. १९६७ साली पेनसिल्व्हेनियातल्या रसेल ब्लेसिंग नावाच्या माणसानं तो बसवला आणि आज तो जगभर चालतो. करायला सोपा, बिघडायलाही सोपा. आधी गळाच्या दांडीवर वजनासाठी तारेचे वेढे. त्यावर धाग्याचा थर. शेपटीला मॅराबू म्हणजे टर्कीची अगदी मऊ पिसं, दांडीएवढीच लांब. मग शेपटीपाशी कोंबड्याच्या मानेचं एक लांब पीस आणि शेनील नावाचा मखमली दोरा बांधायचा. दोरा गुंडाळत पुढं आणायचा, की झालं अंग. त्यावरून पीस मळसूत्रासारखं फिरवत आणायचं, की सगळीकडून केसर उभं राहतं. शेवटी डोक्याशी गाठ आणि गाठीवर लाखेसारखा एक थेंब. नवशिका नेहमी एकच चूक करतो. पुढं पुढं गुंडाळत येतो आणि गळाच्या डोळ्यापाशी जागाच ठेवत नाही. मग गाठ बसत नाही आणि दोर ओवायला भोकही उरत नाही. माझे पहिले वीस तसेच झाले. आजोबा बोलायचे नाहीत. दाढीच्या पात्यानं सगळं बांधकाम सोलून काढायचे आणि उघडा गळ माझ्यापुढं परत ठेवायचे.

एकविसावा त्यांनी सोलला नाही. पेल्यात पाणी घेऊन त्यात बुडवला. कोरडा असताना तो मांजराच्या शेपटीसारखा फुगलेला दिसत होता. भिजल्यावर एकदम बारीक झाला आणि पेला जरा हलवला, तशी शेपूट जिवंत झाली. ते म्हणाले, "कोरडा दिसतो तो दुकानात माणसं विकत घेतात. मासा बघतो तो हा."

एक दिवस त्यांनी खणातून जुनं पाकीट काढलं. आत कोंबड्याची अख्खी मान, कातड्यासकट वाळवलेली, तांबूस पिसांची. पाकिटावर छापलेलं होतं, इंडिया. ते म्हणाले, "आमच्या तरुणपणी सगळे ह्याच माना वापरायचे. स्वस्त मिळायच्या. हा कोंबडा तुझ्या आधी इथं आला." मी ते पीस बोटांत धरून बराच वेळ बघितलं. आमच्या वस्तीवर असल्या रंगाचे कोंबडे उकिरड्यावर फिरत असतात. त्यांच्या मानेला सातासमुद्रापार किंमत आहे, हे आमच्यातल्या कुणाला माहीत होतं?

मार्चपर्यंत माझा हात बसला. आजोबांच्या ओळखीतली म्हातारी माणसं मागायला लागली. आजोबा म्हणाले, नगाला एक डॉलर देतील. मी घरी सांगितलं, तर नवऱ्याचा चेहरा उतरला. "शिक्का विसरलीस का? एक डॉलर घेतलास तरी ते काम झालं." दुसऱ्या दिवशी मी आजोबांना समजावून सांगितलं. त्यांना बराच वेळ ते खरंच वाटेना. मग पैशाच्या बोलण्याला आम्ही दोघांनीही पूर्णविराम दिला. मला आवडत होतं म्हणून मी बांधत होते. त्यांना वाटायचं म्हणून ते कधी हरणाचं मांस, कधी मेपलच्या पाकाची बाटली दारात ठेवून जायचे. आणि एक दिवस म्हणाले, "आता नदीवर चल." मासेमारीचा परवाना काढायला दुकानात गेलो. कामाचा परवाना मला मिळणार नव्हता. मासे धरायचा दहा मिनिटांत मिळाला.

तासाभरावर मस्कीगन नदी. तिच्यावर १९०७ साली बांधलेलं क्रॉटन नावाचं धरण आहे आणि त्याच्या खाली आमची जागा. मिशिगन सरोवरातून चढून आलेला स्टीलहेड त्या धरणाशी अडतो. स्टीलहेड म्हणजे जातीनं इंद्रधनुषी ट्राउटच. पण नदीत जन्मून मोठ्या पाण्यात जाणारा, तिथं दोन-तीन वर्षं वाढून अंडी घालायला पुन्हा नदीत चढणारा. मूळचा तो पॅसिफिक किनाऱ्याकडचा, समुद्रात जाणारा. इथं ह्या गोड्या पाण्याच्या सरोवरालाच त्यानं समुद्र मानलं. १८७६ साली कॅलिफोर्नियाकडची ही जात मिशिगनच्या ऑ सेबल नदीत सोडली. तपकिरी ट्राउट तर जर्मनीहून आणलेला, १८८४ साली तो पेअर मार्केट नदीच्या खोऱ्यात सोडला. ज्या माशांसाठी लोक इथं लांबून येतात, ते दोन्ही बाहेरचे. फोनवर हे सांगितलं, तर आण्णा म्हणाले, "म्हंजी आपल्या चिलापीवानीच की. ती बी भाईरचीच, पर आता तिचंच पानी झालंय."

स्ट्रीमर टाकणं म्हणजे गळ टाकून बसणं नव्हे. छातीपर्यंतची रबरी विजार घालून मांडीभर पाण्यात उभं राहायचं. पाणी चार-पाच अंश सेल्सियसचं, विजारीतूनही हाडाला लागतं. जाड दोरीच्या वजनावर स्ट्रीमर पलीकडच्या काठाकडं, थोडा खालच्या अंगाला फेकायचा. प्रवाह त्याला ओढत अर्धवर्तुळात आपल्या काठाकडं आणतो. तो पुरता सरळ खाली आला की क्षणभर थांबायचं, ओढून घ्यायचं, दोन पावलं खाली सरकायचं आणि पुन्हा फेकायचं. सबंध दिवस एवढंच. नदी विंचरून काढल्यासारखी. नदीत चढलेला स्टीलहेड फारसं खातही नाही. मग स्ट्रीमरला का झोंबतो? आजोबा म्हणायचे, "कधी रागानं, कधी जुन्या सवयीनं. आपणही जेवणाच्या वेळेला भूक नसताना ताटावर बसतोच."

त्या वसंतात मला एकही लागला नाही. शरदातही नाही. आण्णा दर रविवारी फोनवर विचारायचे, "घावला का?" मग एकदा मी त्यांना सांगितलं, की इथं बरेच लोक मासा धरून परत सोडतात. पेअर मार्केट नदीच्या एका पट्ट्यात तर तसा कायदाच आहे, फक्त फ्लाय वापरायची आणि मासा सोडायचाच. पलीकडं बराच वेळ आवाज नाही. मग म्हणाले, "सोडायचाच, तर धरायचा कशाला? जित्राबाला उगाच तरास." मला उत्तर देता आलं नाही. आजोबांना विचारलं, तर त्यांनाही आलं नाही. ते म्हणाले, "तुझे वडील बरोबर बोलतात. पण मला धरल्याशिवाय राहवत नाही, आणि सगळेच खाल्ले तर उद्या धरायला उरत नाहीत."

२०१० च्या मार्चअखेरचा शनिवार. संध्याकाळी मंडळाचा पाडव्याचा कार्यक्रम होता, म्हणून पहाटेच गेलो. मी बांधलेला काळ्या अंगाचा, गुलाबी डोक्याचा स्ट्रीमर दोराला होता. ही जळू आहे आणि तिनं दुसऱ्या माशाच्या गाभोळीतलं एक अंडं तोंडात धरलंय, असं ते सोंग. दहाच्या सुमारास तो वळसा घेऊन माझ्या काठाशी येत होता आणि दोरी थांबली. झटका नाही, काही नाही, नुसती थांबली. मला वाटलं दगडात अडकला. मग तो दगड चालू लागला.

पुढची पंधरा मिनिटं मला सलग आठवत नाहीत. दोरी पाणी कापत गेली. मासा हातभर वर उसळला, चांदीसारखा, अंगावर लाल पट्टा. आजोबा काठावरून ओरडत होते, "ओढू नको, जाऊ दे, जाऊ दे!" जाळ्यातला मासा मी जन्मभर पाहिला होता. तो कुणी धरलेला असतो तरी कुणाला माहीत नसतो. हा मासा मला दोरीतून कळत होता. त्याचा दम, त्याची भीती, त्याचं डोकं झटकणं, सगळं माझ्या मनगटात येत होतं. आण्णांचं 'मनासाठी' मला तिथं, त्या बर्फाळ पाण्यात समजलं.

उथळ पाण्यात आणून मी दोन्ही हातांनी धरला. चार किलो तरी असावा. आणि काय सांगू, पहिला विचार आला तो लिलावाचा. चार किलो गुणिले भाव. दुसरा विचार कालवणाचा. आजोबा म्हणाले, "मासा तुझा, निर्णयही तुझा." तेवढ्यात माझ्या बोटांवर नारिंगी दाणे सांडले. वाटाण्याएवढी गाभोळी. मादी होती. थोडं वर, गोट्यांच्या उथळ तळात मासळीनं शेपटीनं कोरलेल्या अंड्यांच्या जागा फिकट दिसत होत्या. आजोबा त्या जागांवर कधी दोरी टाकायचे नाहीत, टाकूही द्यायचे नाहीत. मी तिला प्रवाहाकडं तोंड करून धरून ठेवलं. कल्ले उघडमीट झाले. मग हातातून एक जोराचा हिसका बसला आणि हात रिकामे झाले.

गाडीतूनच मी आण्णांना फोन लावला. तिकडं रात्र झालेली.

"सोडला? चार किलोचा?"

"व्हय."

"गाभोळीची व्हती?"

"व्हय, आण्णा."

थोडं थांबून म्हणाले, "मंग बरं केलंस. आमी चढणीची मासळी पोत्यानं धरली. पयल्या पावसाला सगळी गाभोळीचीच आसायची. आमच्या बापानंबी धरली, आमीबी धरली. आता कोणाला इचारायचं, मरळ कुटं ग्येली म्हणून?"

घरी येऊन आंघोळ केली, साडी नेसले. हातांना लिंबू चोळलं. शाळेच्या हॉलमध्ये कार्यक्रम, गुढी, श्रीखंड-पुरी, सगळं झालं. पंगतीत शेजारच्या बाई इकडंतिकडं बघत म्हणाल्या, "कसला तरी वास येतोय का गं?"

चौथीतला तो बाक मला स्पष्ट दिसला. दप्तर उचलणारा हातसुद्धा.

मी म्हटलं, "माशांचा आहे. माझ्या हाताला येतोय. सकाळी नदीवर गेले होते."

"नदीवर? मासे धरायला? तू?" आजूबाजूच्या दोघी-तिघी वळल्या. "कुठं शिकलीस हे?"

"घरी. आम्ही भोई. माझे वडील उजनीत मासे धरतात. जाळ्यानं. एक्स्पोर्ट वगैरे काही नाही, भिगवणच्या बाजारात विकतात."

कुणी काही बोललं नाही. वाढपी पुरी घेऊन आला, तो पुढं गेला. समोर पुरुषांच्या पंगतीत नवऱ्यानं घास हातात धरून माझ्याकडं पाहिलं. मग त्या शेजारच्या बाई म्हणाल्या, "मला एकदा मरळीचं कालवण शिकव. आमच्या सोलापूरला चांगली मिळायची." त्या मनापासून म्हणाल्या की वेळ मारून न्यायला, मला आजही माहीत नाही. शिकायला त्या कधी आल्या नाहीत. पण माझं श्रीखंड त्या दिवशी गोड लागलं. घरी परतताना नवरा गाडी चालवता चालवता म्हणाला, "पुढच्या शनिवारी मलाही ने."

त्या डिसेंबरात आम्ही गावी गेलो, तेव्हा मी सहा स्ट्रीमर नेले होते. आण्णांनी चष्मा लावून एकेक बघितला. पहिलं गाठ बघितली, नखानं खरवडून. मग बादलीत पाणी घेऊन बुडवला आणि बोटानं हळूहळू ओढला. शेपूट हलायला लागली, तशी आई म्हणाली, "आगं बया, जित्ती हाय का काय!" आण्णांनी तो सात-आठ वेळा ओढला. मग म्हणाले, "जीव हाय ह्याच्यात. पर मरळ वर बघती, आन् ह्यो खाली बसतो. आपल्याला बेडकी पायजे, बेडकी."

बाजारातल्या व्यापाऱ्यानं माल नापसंत करावा, तसं त्यांनी सांगितलं. मला इतकं बरं वाटलं, की काय सांगू.

परत आल्यावर मी आजोबांपुढं बेडकीचा प्रश्न ठेवला. ते खुलले. हरणाचा केस आतून पोकळ असतो, त्यामुळं तो तरंगतो. केसांची जुडी गळावर ठेवून धागा आवळला, की केस चहूकडं फुलतात. असे चार-पाच झुपके दाटीनं बसवायचे आणि कात्रीनं कापून डोकं घडवायचं. १९३० च्या दशकात डॉन गेपन नावाच्या माणसानं कॅनडातल्या निपिगन नदीवर मडलर मिनो हा स्ट्रीमर बसवला. त्याचं डोकं हे असंच. आम्ही त्यालाच फुगवून, पिवळट हिरवा करून, दोन बाजूंना पिसांचे पाय काढून बेडकी केली. सहा दुपारी लागल्या. आजोबांचे हात आता कात्रीही धरत नव्हते. ते नुसते सांगायचे, "डावीकडून अजून थोडं." गावी जाणाऱ्या एका नातेवाइकाबरोबर मी दोन बेडक्या धाडल्या.

२०१४ च्या हिवाळ्यात आजोबा गेले. त्यांच्या मुलीनं तो व्हाइस, पिसांचे डबे आणि इंडिया लिहिलेलं ते पाकीट माझ्याकडं आणून दिलं. पुढच्या वर्षी नियम बदलला, आमच्यासारख्या काहींना कामाची परवानगी मिळाली आणि मी पुन्हा शाळेत शिकवायला लागले. स्ट्रीमर मात्र अजून विकलेला नाही. कुणी मागितला तर देते.

पण त्या बेडकीचं सांगायचं राहिलं. ती पोचल्यावर तीन रविवार आण्णांनी तिचं नावही काढलं नाही. मीही विचारलं नाही. मला वाटलं, नातवंडांनी खेळायला घेतली असेल. चौथ्या रविवारी फोन उचलल्या उचलल्या ते म्हणाले, "पाणकणसाच्या आडाला लागली. दोन किलोची. पानी आसं फुटलं, मला वाटलं कोन पडलं काय." मग त्या मरळीनं कसा वळसा घेतला, वेळूची काठी कशी वाकली, आई काठावरून काय ओरडली, हे सगळं त्यांनी दोनदा सांगितलं. त्यांचा आवाज मी इतका तरुण कधी ऐकला नव्हता.

मी विचारलं, "खाल्ली का सोडली?"

"खाल्ली. नर व्हता त्यो," ते म्हणाले. मग जरा थांबून, "आणि आईक, त्या बेडकीचा एक पाय तुटलाय. आनखी चार करून धाड. आन् गळ एक नंबर मोठा घाल."